१ टीबीची डिस्क ९३१ जीबी दाखवते तेव्हा काय तपासायचं आणि खरी फसवणूक कशी पकडायची

परवा संध्याकाळी आमच्या बिल्डिंगमधले एक काका नवीकोरी १ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेऊन आले, खोका, बिल, वॉरंटी कार्ड सगळं पिशवीत, आणि बसायच्या आधीच म्हणाले, "हे बघ रे, ९३१ जीबीच दाखवतंय, ६९ जीबी कुठे गेले? वापरलेली तर नाही ना गळ्यात मारली दुकानदारानं?" नातवाच्या मुंजीचे फोटो आणि व्हिडिओ ठेवायला म्हणून पेन्शनमधनं घेतलेली वस्तू, जीव वरखाली होणारच. डिस्क अस्सल होती, पूर्ण होती, उलट खोक्यावर लिहिलंय त्यापेक्षा थोडी जास्तच होती, कसं ते खाली सांगतो.

आणि त्याच्या पंधराच दिवस आधी एक काकू २ टीबीचा पेन ड्राइव्ह घेऊन आल्या होत्या, ऑनलाइन ७९९ रुपयांत मिळालेला. तो विंडोजमध्ये १.८१ टीबी दाखवत होता, म्हणजे खऱ्या २ टीबीच्या ड्राइव्हनं जेवढं दाखवायला पाहिजे बरोब्बर तेवढंच. आणि तो नकली होता, आत जेमतेम ३२ जीबीची चिप.

म्हणजे बघा, आकडा कमी दिसला ती डिस्क खरी आणि आकडा बरोबर दिसला ती खोटी. स्क्रीनवरच्या त्या एका आकड्यावरनं काहीच ठरत नाही. मी रोज लोकांचे कॉम्प्युटर बघतो आणि हा प्रश्न आठवड्यातनं एकदा तरी येतोच, म्हणून एकदाच नीट सगळं लिहून ठेवतोय.

आधी मोजमाप समजून घ्या

सगळं शेवटी बाइटमध्ये मोजलं जातं. ८ बिट म्हणजे १ बाइट, इंग्रजी टाइप केलेलं एक अक्षर साधारण एका बाइटमध्ये बसतं, आपलं देवनागरी "क" युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत ३ बाइट घेतं. आता डिस्कची कंपनी म्हणते १ टीबी, त्याचा अर्थ १ लाख कोटी बाइट. बजेटच्या बातम्यांत आपण लाख कोटी ऐकतो ना, तेच. १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट, १ एमबी म्हणजे १० लाख, १ केबी म्हणजे १ हजार. सरळ हजाराच्या पटीत, किलो आणि ग्रॅमसारखं. यात कंपनीची काही लबाडी नाही, किलो म्हणजे हजार, मेगा म्हणजे दहा लाख, हेच जगभरचं मोजमाप आहे.

विंडोज मात्र हजारानं भागत नाही, १०२४ नं भागतं. १०२४ म्हणजे २ चा दहावा घात. तर विंडोजचा १ जीबी म्हणजे १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइट. मोठ्या मापानं मोजलं की आकडा लहान येणार, एवढीच ती गोष्ट.

याला आपल्याकडचंच एक फार चपखल उदाहरण आहे. आपल्या आजी-पणजीच्या काळात ८० तोळ्यांचा पक्का शेर होता, त्याचं वजन साधारण ९३३ ग्रॅम. १९५६ च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्यानं किलो आला. आता समजा कुणी तुम्हाला हजार शेर तांदूळ दिला आणि तुम्ही तो किलोच्या काट्यावर टाकला तर काटा ९३३ किलो दाखवणार. तांदूळ एक दाणाही कमी नाही, माप बदललं. आणि कंपनीचे हजार जीबी विंडोजच्या काट्यावर टाकले की ९३१ येतात. ९३३ आणि ९३१, इतकं जवळ! मी हा हिशोब पहिल्यांदा केला तेव्हा मलाच भारी वाटलं होतं, तेव्हापासून सगळ्यांना असंच समजावतो, आणि काकांच्या पिढीला तर एका वाक्यात पटतं.

खरी अडचण एवढीच की विंडोज मोजतं किलोनं आणि पाटी लावतं शेराची. त्या १०२४ वाल्या मापाला वेगळं नाव आहे, गिबीबाइट. आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगानं म्हणजे आयईसीनं डिसेंबर १९९८ मध्येच किबी, मेबी, गिबी, टेबी अशी नावं ठरवून दिली होती. विंडोजनं ती घेतलीच नाहीत, मापाला जीबीच म्हणत राहिलं, आणि तिथेच सगळ्या जगाचा गोंधळ होतो. ॲपलनं २००९ मध्ये स्नो लेपर्ड या आवृत्तीपासून मॅकमध्ये हजाराचं माप सुरू केलं, त्यामुळे तीच डिस्क मॅकला लावली की बरोबर १ टीबी दिसते. अँड्रॉइड फोनसुद्धा आता हजारानंच मोजतो. म्हणून फोनमध्ये ४.२९ जीबी दिसणारा व्हिडिओ विंडोजमध्ये कॉपी केल्यावर ४ जीबी दिसतो आणि लोक म्हणतात कॉपी अर्धवट झाली. नाही झाली, फाइल तीच आहे.

मग पटकन हिशोब कसा करायचा? खोक्यावरच्या जीबीला ०.९३१ नं गुणा, टीबी असेल आणि उत्तर टीबीतच पाहिजे असेल तर ०.९०९ नं. २५६ जीबीची एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) २३८ दाखवणार, ५०० ची ४६५, ५१२ ची ४७६, १ टीबीची ९३१, २ टीबीची १.८१ टीबी, ४ टीबीची ३.६३ टीबी. एकक जेवढं मोठं तेवढा फरक वाढत जातो हे लक्षात ठेवा, केबीला जेमतेम अडीच टक्के, जीबीला सात टक्क्यांच्या आसपास आणि टीबीला नऊ टक्के. फ्लॉपीच्या काळात कुणाच्या लक्षात यायचं नाही ते आता डोळ्यात भरतं त्याचं कारण हेच. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डमध्ये अजून थोडी जागा आतल्या कामासाठी राखलेली असते, त्यामुळे ६४ जीबीचा ५७-५८ दाखवला तरी घाबरू नका.

फ्लॉपीवरनं आठवलं, १.४४ एमबीची फ्लॉपी ही तर दोन्ही मापांची खिचडी होती. तिच्यात १४ लाख ७४ हजार ५६० बाइट बसायचे, म्हणजे १४४० गुणिले १०२४, एकदा हजारानं भागायचं आणि एकदा १०२४ नं. आणि ७०० एमबीची सीडी १०२४ च्या मापाची, पण ४.७ जीबीची डीव्हीडी हजाराच्या मापाची, म्हणून ती विंडोजमध्ये ४.३८ भरायची. गोंधळ जुनाच आहे.

रॅमचं तेवढं वेगळं आहे. ८ जीबी रॅम म्हणजे खरोखर १०२४ च्या मापाचे ८ जीबी, कारण रॅमच्या चिपमध्ये पत्ता शोधायच्या तारा दोनाच्या पटीनं काम करतात, १० तारा म्हणजे १०२४ पत्ते. डिस्कला तसं बंधन नाही, तबकडीवर जेवढे सेक्टर म्हणजे डेटा ठेवायचे छोटे तुकडे बसतील तेवढे, म्हणून डिस्कवाले आधीपासून साध्या दहाच्या हिशोबातच मोजत आलेत. १९५६ मध्ये आयबीएमची पहिली हार्ड डिस्क आली, रॅमॅकची, कपाटाएवढी, तिच्यात ५० तबकड्या होत्या आणि तिची क्षमता सांगायचे ५० लाख अक्षरं. तिथेही लाखातच बोलणं होतं. पुढे अमेरिकेत यावरनं ग्राहकांनी खटले भरले आणि २००६ मध्ये वेस्टर्न डिजिटलला तडजोड करावी लागली. आता बहुतेक खोक्यांवर बारीक अक्षरात १ जीबी बरोबर १०० कोटी बाइट असं छापलेलं असतं ते तेव्हापासून जास्त दिसायला लागलं. घेताना ते वाचा, भिंग लागलं तरी वाचा.

आता स्वतः तपासा

डिस्क लावा, फाइल एक्स्प्लोररमध्ये धिस पीसी उघडा, ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज. तिथे कपॅसिटीसमोर दोन आकडे दिसतात, एक लांबलचक बाइटचा आणि शेवटी जीबीचा. जीबीकडे बघूच नका, बाइटचा आकडा बघा. १ टीबीच्या डिस्कला तो तेरा आकडी असायला पाहिजे आणि १ नंतर शून्य-शून्य असं सुरू व्हायला पाहिजे. विंडोजमध्ये रिजन इंडिया ठेवलेला असेल तर स्वल्पविरामही आपल्या पद्धतीनं पडतात, १०,००,... असं, वाचायला सोपं जातं.

काकांच्या समोर आम्ही हेच केलं. १ टीबीच्या डिस्कमध्ये बहुतेक कंपन्या ठरलेल्या सूत्रानं १,९५,३५,२५,१६८ सेक्टर देतात, एक सेक्टर ५१२ बाइटचा, गुणाकार होतो १०,००,२०,४८,८६,०१६ बाइट. म्हणजे १ लाख कोटी पूर्ण, वर २० कोटी ४८ लाख बाइट जास्तीचे. काकांनी फोनच्या कॅल्क्युलेटरवर स्वतः १०२४ नं तीनदा भागून बघितलं, ९३१.५१ आलं, तेव्हा त्यांचा चेहरा जरा निवळला. प्रॉपर्टीजमध्ये यापेक्षा किंचित कमी दिसेल कारण पार्टिशनच्या म्हणजे डिस्कवर पाडलेल्या भागाच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी जागा सुटते, तेवढं चालतं.

बाइट बरोबर आहेत पण फ्री स्पेस कमी आहे, हा दुसरा प्रकार. हा लॅपटॉपवर जास्त येतो, ५१२ ची एसएसडी म्हणून घेतला आणि सी ड्राइव्ह ४५० च दाखवतोय असं. त्यासाठी विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबा, यादीतनं डिस्क मॅनेजमेंट उघडा. खाली आडवी पट्टी दिसते, त्यात सी च्या मागेपुढे छोटे छोटे तुकडे असतात, एक ईएफआय पार्टिशन, १०० एमबीच्या आसपास, त्याशिवाय मशीन चालूच होणार नाही, आणि एक-दोन रिकव्हरीची, लॅपटॉप कंपनीनं टाकलेली. ते तुकडे जागा मिळेल म्हणून उडवू नका. माझ्याकडे असं करून आलेले तीन-चार लॅपटॉप येऊन गेलेत, दहा जीबीच्या लोभापायी सगळं विंडोज परत टाकावं लागतं.

सी च्या आतही विंडोज स्वतःसाठी जागा अडवतं. हायबरनेशनची, म्हणजे मशीन बंद करताना रॅममधलं डिस्कवर जपून ठेवायची, एक लपलेली फाइल असते, ती रॅमच्या ४० टक्क्यांच्या आसपास, १६ जीबी रॅम असेल तर सहा-साडेसहा जीबी तिथेच गेले. रॅम कमी पडली की वापरायची पेज फाइल वेगळी. अपडेटसाठी राखीव जागा साधारण ७ जीबी. मोठं अपडेट झालं की विंडोज डॉट ओल्ड नावाचं फोल्डर पडून राहतं, ते दहा दिवसांनी आपोआप जातं, नाही गेलं तर सेटिंगमध्ये सिस्टीम, मग स्टोरेज, मग टेम्पररी फाइल्स मधनं काढा, हातानं डिलीट करायला जाऊ नका. तरीही जागा कुठे गेली कळत नसेल तर विनडिरस्टॅट (WinDirStat) किंवा विझट्री (WizTree) टाका, फुकट आहेत, कुठल्या फोल्डरनं किती खाल्लंय ते रंगीत चौकोनांत दाखवतात. बहुतेक वेळा डाउनलोड्स नाहीतर व्हॉट्सॲपचा डेस्कटॉप फोल्डर निघतो.

एसएसडीबद्दल एक गोष्ट मला फार आवडते ती सांगतो. ५१२ जीबीच्या एसएसडीत बऱ्याचदा आतल्या चिप खरंच १०२४ च्या मापाच्या ५१२ जीबी असतात, आणि विकताना हजाराच्या मापाचे ५१२ देतात. मधली जी सात टक्के जागा उरते ती कंट्रोलर, म्हणजे आतला कारभार बघणारी चिप, स्वतःकडे ठेवतो, खराब झालेल्या भागाच्या बदली वापरायला आणि डेटा इकडेतिकडे हलवायला. ती जागा तुम्हाला दिसत नाही पण ती तुमच्याच डिस्कचं आयुष्य वाढवत असते. तुम्हीही आपल्या बाजूनं दहा-पंधरा टक्के मोकळी ठेवा, एसएसडी काठोकाठ भरली की हमखास मंद होते.

तिसरा प्रकार, इथे जागा खरोखरच वापराबाहेर असते पण डिस्कचा दोष नसतो. ४ टीबीची डिस्क घेतली आणि २ टीबीच वापरता येतेय, डिस्क मॅनेजमेंटमध्ये १६७८ जीबी अनअलोकेटेड अशी काळ्या पट्टीत पडलेली, तिच्यावर क्लिक केलं तरी काही करता येत नाही. याचं कारण डिस्कचे भाग नोंदवून ठेवायची जुनी एमबीआर पद्धत. तिच्यात सेक्टरचा नंबर ३२ बिटांत लिहितात, त्यामुळे ५१२ बाइटच्या सेक्टरनं २.२ टीबीच्या पुढचं तिला मोजताच येत नाही. उपाय म्हणजे डिस्क जीपीटी या नवीन पद्धतीची करायची. डिस्क रिकामी असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्येच व्हॉल्यूम डिलीट करून डावीकडच्या डिस्कच्या नावावर राइट क्लिक, कन्व्हर्ट टू जीपीटी. डेटा असेल तर आधी दुसरीकडे कॉपी करा, यात सगळं पुसलं जातं, आणि करण्यापूर्वी डिस्कचा नंबर दोनदा वाचा, शून्य नंबरची डिस्क बहुतेक वेळा तुमचं विंडोजच असतं.

फॉरमॅटचंही, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीचंही, इथेच उरकून घेतो. पेन ड्राइव्हमध्ये भरपूर जागा असून ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नसेल तर तो फॅट३२ आहे, एक्सफॅट करा, टीव्ही आणि मॅकलाही चालेल. फक्त विंडोजवरच वापरायची मोठी डिस्क असेल तर एनटीएफएस. एक्सफॅटमध्ये एक खाचखळगा आहे, ३२ जीबीच्या वर विंडोज त्याचे कप्पे १२८ केबीचे करतं, आणि एका कप्प्यात एकच फाइल बसते. एका अकाउंटंट ताईंकडे ५-५ केबीच्या पन्नास हजार छोट्या फाइली होत्या, सगळ्या मिळून अडीचशे एमबी, पण एक्सफॅटच्या डिस्कवर त्यांनी ६ जीबीच्या वर जागा खाल्ली. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये साइझ आणि साइझ ऑन डिस्क असे दोन आकडे असतात ते यासाठीच. अशा फाइली असतील तर झिप करून ठेवा किंवा एनटीएफएस वापरा.

नकली माल कसा पकडायचा

हे मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय, कारण वरच्या सगळ्या प्रकारांत पैसे जात नाहीत, इथे पैसेही जातात आणि फोटोही.

नकली पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड करणारे आतल्या कंट्रोलरलाच खोटं बोलायला शिकवतात. चिप असते ३२ जीबीची, पण कंट्रोलर विंडोजला सांगतो माझ्याकडे २ टीबी आहे, आणि विंडोज बिचारं विश्वास ठेवतं. पहिले ३० जीबी व्यवस्थित जातात. त्याच्या पुढे जे जातं ते एकतर जुन्यावरच लिहिलं जातं नाहीतर हवेत जातं, पण फाइलींची नावं, साइझ, तारखा सगळं दिसत राहतं. काकूंनी दोन वर्षांचे फोटो त्यात टाकले, कॉपी झाली म्हणून खूष झाल्या, आणि फोनमधनं डिलीट केले. मग गणपतीत कुणाला दाखवायला उघडले तर अर्ध्या फोटोंत वरचा पट्टा ठीक आणि खाली करडं, बाकीचे उघडतच नाहीत. काही परत मिळाले ते मुलीच्या फोनमध्ये होते म्हणून.

तपासायचं कसं तर नवीन पेन ड्राइव्ह, कार्ड, स्वस्तातली एसएसडी, काहीही घेतलं की त्यात काही टाकायच्या आधी पूर्ण लिहून परत वाचून बघायचं. विंडोजवर त्यासाठी एचटूटेस्टडब्ल्यू (H2testw) म्हणून छोटा फुकट प्रोग्राम आहे, इन्स्टॉलही करावा लागत नाही. उघडल्यावर भाषा इंग्रजी निवडा, सिलेक्ट टार्गेटमध्ये तो ड्राइव्ह द्या, पुन्हा एकदा बघा तोच दिलाय ना, मग राइट प्लस व्हेरिफाय. तो १-१ जीबीच्या फाइली लिहीत जातो आणि भरला की परत वाचून पडताळतो. हिरवं आलं आणि एररशिवाय संपलं तर माल खरा. लाल आलं तर किती जीबी ठीक आणि किती गेलं तेही लिहून देतो. लिनक्स किंवा मॅक असेल तर हेच काम एफथ्री (F3) करतं.

वेळ लागतो, तयारी ठेवा. ६४ जीबीचा साधा पेन ड्राइव्ह सेकंदाला १० एमबीनं लिहीत असेल तर नुसतं लिहायलाच पावणेदोन तास. १ टीबीच्या हार्ड डिस्कला १०० एमबीच्या वेगानं लिहायला पावणेतीन आणि वाचायला तेवढेच, तर रात्री लावून झोपा, लॅपटॉप चार्जरवर ठेवा आणि स्लीप बंद करा. पण २ टीबीचा संशयास्पद पेन ड्राइव्ह असेल तर पूर्ण थांबायची गरज नाही, त्या प्रोग्राममध्ये ठरावीक एमबीपर्यंतच तपासायची सोय आहे. काकूंच्या ड्राइव्हला मी ६० जीबीचीच टेस्ट लावली, २९ जीबी ठीक आणि पुढचं सगळं गेलेलं. मात्र लाल आलं नाही तर तेवढ्यावर खरा समजू नका, मग पूर्णच करा.

ऑनलाइन घेताना पार्सल फोडतानाचा व्हिडिओ काढा, टेस्ट रिटर्नची मुदत संपायच्या आत करा, आणि निकालाचा स्क्रीनशॉट तक्रारीला जोडा. विक्रेता ऐकत नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, लावा. खात्रीच्या कंपनीच्या डिस्कच्या भावाशी तुलना केली की अर्धा निकाल तिथेच लागतो, २ टीबी शेकड्यात मिळत नाही.

काकांची दुसरी शंका होती वापरलेली डिस्क आहे का. त्यासाठी क्रिस्टलडिस्कइन्फो (CrystalDiskInfo) हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम टाका. त्यात पॉवर ऑन अवर्स म्हणून आकडा असतो, डिस्क एकूण किती तास चाललीय. काकांच्या डिस्कवर १ तास होता, म्हणजे त्यांनी स्वतः लावून बघितली तेवढाच. नवीन म्हणून घेतलेल्यावर चार हजार तास दिसले तर सरळ परत करा. तिथेच रिॲलोकेटेड सेक्टर्स (खराब म्हणून बदललेले) आणि करंट पेंडिंग सेक्टर्स (खराब असल्याचा संशय असलेले) बघा, रॉ व्हॅल्यू शून्य पाहिजे. पेंडिंग वाढत चालले असतील तर डिस्क जायला लागलीय, आधी डेटा काढा, बाकीची दुरुस्ती नंतर, आणि तोवर विंडोजचं चेकडिस्क हे दुरुस्तीचं साधन चालवत बसू नका.

किती घ्यायची आणि किती वेळ लागणार

अंदाजपंचे १ टीबी घेण्यापेक्षा आपल्या फोनमधल्या दहा फोटोंची साइझ बघा, सरासरी काढा. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ३ ते ५ एमबी असतो, म्हणजे १० हजार फोटो ३० ते ५० जीबी, फोटोंना जागा फार लागत नाही. लागते व्हिडिओला. फोनवर फोरकेचा व्हिडिओ जुन्या एच२६४ पद्धतीत मिनिटाला ३५० एमबीच्या आसपास जातो, तासाला २१ जीबी. नवीन एचईव्हीसी निवडलं की जवळपास निम्मं. म्हणून मुंज, लग्न, बारसं, जे शूट करणार ते किती तासांचं आहे त्यावरनं हिशोब करा, दुप्पट घ्या, आणि बजेट अडत असेल तर एक मोठी घेण्यापेक्षा दोन लहान घ्या, कारण दुसरी कॉपी पाहिजेच. नुसतं साठवून ठेवायचं असेल तर हार्ड डिस्क बरी, एसएसडी वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवायची वस्तू नाही. लॅपटॉप मंद झालाय म्हणून घेताय तर मात्र एसएसडीच, त्यात दुसरा विचार नको. फक्त लॅपटॉपला अडीच इंची साटा (SATA) लागते का पट्टीसारखी एम डॉट टू (M.2) हे मॉडेल नंबरवरनं बघून घ्या, आणि एम डॉट टू मध्येही साटा आणि जास्त वेगवान एनव्हीएमई (NVMe) असे दोन प्रकार आहेत, दिसायला सारख्याच, खाच वेगळी.

एसएसडी लिहून लिहून संपते ही भीती बऱ्याच जणांना असते. खोक्यावर टीबीडब्ल्यू लिहिलेलं असतं, म्हणजे एकूण किती टीबी लिहिता येईल ते, समजा ३०० टीबी. रोज ३० जीबी लिहिलंत, आणि घरगुती वापरात एवढं होत नाही, तरी १० हजार दिवस, म्हणजे २७ वर्षं.

वेगाचा आकडा वाचताना बिट आणि बाइट वेगळे करा. लहान लिपीतला बी म्हणजे बिट, कॅपिटल म्हणजे बाइट. १०० एमबीपीएसचं इंटरनेट सेकंदाला साडेबारा एमबीच देतं. यूएसबी २ वर ४८० लिहिलेलं असतं ते बिट, भागिले ८ म्हणजे ६०, आणि प्रत्यक्षात ३०-४० मिळाले तरी पुष्कळ. तर ५०० जीबी कॉपी करायला यूएसबी २ च्या पोर्टवर चार तास लागतात आणि तीच हार्ड डिस्क यूएसबी ३ च्या पोर्टला लावली तर सव्वा तासाच्या आत होतं. पोर्ट निळं आहे का बघा, बऱ्याच मशीनवर निळं म्हणजे यूएसबी ३, आणि डिस्कसोबत आलेलीच केबल वापरा.

काकांनी मुंजीचा डेटा माझ्यासमोरच कॉपी केला, १४० जीबी, वीस मिनिटं. मग मूळ फोल्डर आणि डिस्कवरचं फोल्डर दोन्हीच्या प्रॉपर्टीज शेजारी शेजारी उघडल्या, फाइलींची संख्या आणि बाइटचा आकडा शेवटच्या अंकापर्यंत जुळवला, चार-पाच व्हिडिओ मधनंच उघडून चालवून बघितले, आणि सेफली रिमूव्ह करून मगच केबल काढली. कॅमेऱ्याचं कार्ड अजून फॉरमॅट केलेलं नाही, सुनेच्या लॅपटॉपवर दुसरी कॉपी झाली की करतो म्हणाले. डिस्कच्या खोक्यावर त्यांनी मार्करनं तारीख घातली, आणि खाली स्वतःच लिहिलं, "९३१ बरोबर आहे".